सुप्याचे कर्जरोखे आणि करड्याची गावकी

पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजाराच्या गावी १२ मे १८७५ रोजी आसपासचे कुणबी जमले आणि सावकारांच्या दुकानांत शिरून त्यांनी वह्या, कर्जरोखे काढून जाळले. इतिहासात यास ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. माणसांच्या जिवाला फारसा कोठे धक्का लागला नाही. राग होता तो कागदावर.

कागदावर का? सावकार काही इंग्रजांनी आणला नव्हता. पेशवाईतही तो होता, व्याजही घेत होता. पण वसुलीसाठी त्याला पाटलाचं, पंचांचं तोंड पाहावं लागे. फार ताणलं तर गावात राहणं अवघड! इंग्रजी अमलात दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा हाती आला आणि ही गरज संपली. १८५९ च्या कायद्याने साध्या रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू कुळाच्या भल्याचा, घडलं मात्र उलटं. मुदत सरत आली की व्याज मुदलात मिळवून नवा रोखा होई, आणि निरक्षर कुणबी पूर्वीच्याच विश्वासानं त्यावर नांगराची निशाणी करी. कायदा बदलला, निशाणी करणाऱ्याची रीत तीच राहिली. त्यातच अमेरिकेतील यादवीच्या काळातली (१८६१ ते १८६५) कापसाची तेजी ओसरली आणि शेतसारा वाढला.

शिरूर तालुक्यातील करडे गावानं डिसेंबर १८७४ मध्येच वेगळी वाट धरली होती. सावकारानं एका देशमुखाच्या घरावर हुकूमनामा आणताच गावानं सावकारांवर बहिष्कार घातला. न्हावी हजामत करीना, परीट कपडे धुईना, त्यांचं शेत कोणी कसायला घेईना. कोर्टापुढे कुणबी दुबळा. पण बलुत्याची दोरी अजून गावाच्या हाती होती.

सरकारने चौकशी केली. १८७९ च्या कायद्याने रोख्यामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला, देण्यापायी शेतकऱ्याची कैद बंद झाली.

करड्याचं कौतुक करताना मी मात्र थोडा थबकतो. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्याल्यावर दलित बांधवांवर उगारलं गेलं ते शस्त्र हेच. गावकीच्या आणि जातपंचायतींच्या या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्र विधिमंडळाला २०१६ साली स्वतंत्र कायदा संमत करावा लागला.