औषधांची स्पर्धा आणि छापील कागद



औषधाचा कारखाना म्हणजे काय, हे या पनवेल गावाला सांगावयास नको. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ साली येथेच धूतपापेश्वरचा पाया घातला. पुढे तळोजे, रसायनी, पाताळगंगा या बाजूंना रसायनांचे व आधुनिक औषधांचे कारखाने उभे राहिले आणि आपल्यापैकी कित्येकांच्या चुली तेथल्या पगारावर पेटल्या. मी त्याच कामगारांत वावरलो. माझे शिक्षण शाळेत थोडे झाले, युनियनच्या कचेरीत अधिक. तेव्हा आजचा विषय मी विद्वानाच्या अधिकाराने मांडीत नाही. गरजेपोटी वाचावयास शिकलेला माणूस म्हणून मांडीत आहे.

प्रश्न असा की, एक औषध कंपनी उद्या काय करणार, हे दुसरीला आज कसे कळते? पुष्कळांची समजूत अशी की, त्यासाठी हेर लागतात, लाच लागते. तसेही प्रकार घडत असतील. पण खरी बातमी बहुधा छापलेलीच असते.

याचे कारण पेटंटच्या स्वरूपातच आहे. पेटंट हा समाजाशी केलेला सौदा होय. शोधकाने आपली कृती उघड लिहून द्यावयाची आणि त्या बदल्यात समाजाने त्याला ठराविक वर्षांचा मक्ता द्यावयाचा. म्हणजे मक्तेदाराला आपले गुपित आपल्याच हाताने लिहावे लागते. शिवाय त्याचे शास्त्रज्ञ नियतकालिकांत निबंध लिहितात, रुग्णांवरील चाचण्यांची नोंद होते. हे सारे कोणी चिकाटीने वाचले, तर कोणत्या रोगावर कोण झटत आहे, कोणी काम मध्येच सोडले आणि कोणाचा मक्ता केव्हा संपणार, हे ध्यानात येते.

अडचण एवढीच की, हा कागद अफाट आहे. त्यातून वाट काढण्यासाठी १९०७ साली अमेरिकेत ‘केमिकल ॲबस्ट्रॅक्ट्स’ हे नियतकालिक निघाले. जगभरच्या रसायनविषयक निबंधांचा व पेटंटांचा गोषवारा त्यात एकत्र मिळू लागला. पुढे १९६४ साली युजीन गारफील्ड यांनी फिलाडेल्फियाहून ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रसिद्ध केला. कोणत्या निबंधाचा आधार पुढे कोणकोणत्या निबंधांनी घेतला, याची ती सूची होती. ही कल्पना त्यांनी वकिलांच्या एका जुन्या सूचीवरून घेतली. ज्यांना लेबर कोर्टाची पायरी चढावी लागली आहे, त्यांना हे चटकन समजेल. एखादा निकाल पुढील किती निकालांत उद्धृत झाला, यावरून वकील त्याचे वजन ठरवितो, तसेच हे. अशा नोंदी जुळविल्या की, ओढे कोठून निघून कोणत्या नदीस मिळतात, तसा संशोधनाचा नकाशा तयार होतो. आज संगणक हा नकाशा झपाट्याने काढून देतो आणि मोठ्या कंपन्या तो वाचण्यासाठी पगारी माणसे ठेवतात.

या नकाशाची किंमत मला उशिरा कळली. आमच्या भागातील एका कारखान्यात एक खाते एकाएकी बंद झाले. गेटवर नोटीस लागली, तेव्हा आम्हांला वाटले, आभाळच कोसळले. पुढे चौकशी केली तेव्हा समजले की, त्या औषधाला मागे टाकणारे दुसरे औषध येत असल्याचे वैद्यकीय नियतकालिकांत केव्हाच छापून आले होते. व्यवस्थापनाने ते वाचले होते. आम्हांला सांगितले नव्हते. दोष त्यांचा खराच. पण थोडा आमचाही. आम्ही ताळेबंद वाचावयास शिकलो होतो, त्यापलीकडे गेलो नव्हतो.

जी गोष्ट कामगारांची, तीच देशाची. १९११ च्या कायद्याखाली औषधाच्या पदार्थावरच मक्ता मिळे, आणि तोही सोळा वर्षांचा. औषधे महाग होती व बरीचशी परकीय कंपन्यांच्या हाती होती. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ साली आपला अहवाल दिला आणि त्यातून १९७० चा पेटंट कायदा आला. तो १९७२ साली अमलात आला. त्याने औषधाच्या पदार्थावरील मक्ता काढून टाकला. केवळ कृतीवर, आणि तोही फार तर सात वर्षे, मक्ता ठेवला. मग आपल्या रसायनशास्त्रज्ञांनी काय केले? त्यांनी वाचले. परकीयांची पेटंटे, परकीयांचे निबंध अक्षर अन् अक्षर वाचले आणि त्याच औषधाकडे जाणारी दुसरी वाट काढली. स्वस्त औषधांच्या कारखानदारीमागे भट्टीवरच्या मजुरीइतकीच ही वाचनाची मजुरीही आहे, हे विसरून चालणार नाही.

हेच वाचन ढाल म्हणूनही कामी आले. १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, हळदीने जखम भरून येते, या गोष्टीवर अमेरिकेत पेटंट मिळाले! आपल्याकडे हे ऐकून लोक हसले. पण हसण्याने पेटंट रद्द होत नाही. त्या वेळच्या अमेरिकन कायद्यात परदेशातील नुसत्या वहिवाटीला किंमत नव्हती. छापलेला पुरावा लागे. म्हणजे लाखो आज्यांची साक्ष तेथे फुकट होती. वैज्ञानिक व औद्योगिक अनुसंधान परिषदेचे प्रमुख तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर होते. गोव्यात माशेल येथे जन्मलेले, गिरगावात गरिबीत वाढलेले. परिषदेने १९९६ साली बत्तीस आधार पुढे ठेवले. त्यांत जुने ग्रंथ होते, तसाच भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकातील १९५३ चा निबंधही होता. १९९७ साली पेटंट रद्द झाले. राजवाड्यांनी वाडे-माळे धुंडाळून दप्तरे उजेडात आणली, त्याच जातीचे हे काम होते. त्यातूनच २००१ साली पारंपरिक ज्ञानाचा संगणकीय कोश सुरू झाला. परकीय पेटंट-परीक्षकांना वाचता यावे म्हणून त्यात आपली ग्रंथोक्त औषधे इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश व जपानी भाषांत मांडली आहेत.

२००५ पासून जागतिक व्यापार करारानुसार औषधाच्या पदार्थावरील मक्ता, वीस वर्षांचा, पुन्हा आला. तरी वाचणाऱ्याचे हात बांधले गेले नाहीत. बेडाक्विलीन हे औषध नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर देतात. त्याच्या एका क्षाराचे नवे पेटंट मिळाले असते, तर मक्ता २०२७ पर्यंत लांबला असता. मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोघींनी त्याला हरकत घेतली. दोघींनी स्वतः क्षय भोगलेला, आणि त्यावरच्या जुन्या औषधांपायी दोघींचीही श्रवणशक्ती गेलेली. यात नवे काही नाही, आधीच प्रसिद्ध झालेल्या कागदांवरून ते उघड होते, असा त्यांचा मुद्दा होता. मार्च २०२३ मध्ये तो अर्ज फेटाळला गेला.

श्रोतेहो, या साऱ्या इतिहासाचे तात्पर्य साधे आहे. छापलेला कागद सर्वांचा असतो. पण उपयोगी पडतो तो वाचणाऱ्याच्या. कंपनी तो नफ्यासाठी वाचते, आणि त्यात तिला मी दोष देत नाही. पण ज्याच्या नोकरीवर, दुखण्यावर आणि खिशावर त्या कागदाचा परिणाम व्हावयाचा, त्याने तो का वाचू नये? पेटंटचे कागद आता घरबसल्या, एक पैसा न देता पाहावयास मिळतात. त्यांची भाषा कठीण असते, हे खरे. ताळेबंदाचीही होती. आम्ही चौघे-पाच जण रात्री पाळी सुटल्यावर बसून तो शिकलो. या गावातील रसायनाचे शिक्षक, वैद्य, डॉक्टर, वकील आणि कारखान्यातील कामगार आठवड्यातून एक संध्याकाळ एकत्र बसले, तर हेही साधेल. पहिल्या संध्याकाळी सतरंजी घालावयास मी येईन.