वाचकांच्या खुणा आणि शोधयंत्र

आवडलेल्या पानावर आपण खूण घालून ठेवतो. ही खूण अनोळखी वाचकालाही वाट दाखवील का?

हा विचार इंटरनेटहून जुना आहे. व्हॅनेव्हर बुश या अमेरिकन अभियंत्याने १९४५ मध्ये ‘मेमेक्स’ नावाचे यंत्र कल्पिले होते. वाचकाने कागदपत्रे जोडत आखलेली वाट त्यात जपून ठेवता येई आणि इतरांनाही देता येई.

१९९८ मध्ये सुरू झालेल्या गूगलने पानांचे महत्त्व ठरवताना दुव्यांचा आधार घेतला. ज्या पानाकडे अनेक महत्त्वाची पाने बोट दाखवतात ते महत्त्वाचे, असे हे गणित. पण बोट दाखवतो तो पान लिहिणारा. नुसते वाचणाऱ्यांचे मत यात येत नव्हते.

ती उणीव भरून काढण्याची शक्यता ‘डिलिशस’मुळे दिसू लागली. जोशुआ शॅक्टर यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या या सेवेत लोक आपल्या खुणा सर्वांना दिसतील अशा ठेवत आणि प्रत्येक खुणेला स्वतःचे शब्द जोडत. याहूने ती २००५ मध्ये विकत घेतली.

या खुणांमुळे शोध खरोखर सुधारतो का? स्टॅनफर्ड विद्यापीठातील पॉल हायमन, जॉर्जिया कुत्रिका आणि हेक्टर गार्सिया-मोलिना यांनी याचे मोजमाप २००८ मध्ये प्रसिद्ध केले. खूण केलेल्या पानांपैकी सुमारे पंचवीस टक्के, म्हणजे चारांत एक, शोधयंत्राच्या सूचीत अजून आलेलेच नव्हते. तिथे वाचक यंत्राच्या पुढे होता. मात्र जोडलेले शब्द निम्म्या वेळा त्या पानाच्या मजकुरातच होते. अशा शब्दांतून यंत्राला नवे फारसे काही कळत नाही. शिवाय खुणा होत्या तीन ते पाच कोटी पानांवर, आणि महाजालातील पाने होती अब्जावधी. माहिती चांगली, पण अपुरी, असा हा निष्कर्ष.

२०१७ मध्ये डिलिशस दुसऱ्या सेवेच्या हाती गेली आणि नव्या खुणा घेणे थांबले. तरी मूळ प्रश्न संपत नाही, असे आम्हाला वाटते. माणसाची निवड यंत्राला उपयोगी पडते ती यंत्राला न दिसणारे काही तिच्यात असेल तेव्हाच.

वर्गात हे करून पाहता येईल. एका धड्यासाठी प्रत्येकाला तीन शब्द सुचवायला सांगावे. त्यांतले किती शब्द धड्यातच सापडतात ते मोजावे. उरलेल्या शब्दांकडे नीट पाहावे. वाचकाची खरी भर तिथे असते.