पाटा, ओटा आणि फरशी

तुमच्या घरी आजीच्या वेळचा पाटा असेल, तर तो एकदा स्वयंपाकघरातल्या काळ्या कडप्प्याच्या ओट्याशेजारी ठेवून पाहा. दोन्ही दगड काळे, दोन्ही गार, दोन्ही जड. एकाच डोंगरातून निघालेले सख्खे भाऊ वाटावेत. पण तसे ते मुळीच नाहीत. एक आपल्या पायांखालच्या भूमीतला, दुसरा आगगाडीच्या वाटेने दुरून आलेला. हा फरक नुसता भूगोलाचा नव्हे, बरे का! तो ठाऊक नसल्यामुळे कितीतरी चांगले ओटे आणि फरश्या आपण आपल्याच हातांनी खराब करतो.

आधी पाट्याची गोष्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या जमिनीला भेगा पडल्या, लाव्हा वर आला, थरावर थर पसरले आणि निवून त्यांचा बेसॉल्ट झाला. हाच आपला काळा पाषाण. तो कणखर, पण तितकाच हट्टी. घण घातला तर ढलप्या उडतील, पण फळीसारखा सरळ पदर काही सुटायचा नाही. त्याला छिन्नीने घडवावेच लागते. असा दगड जोत्याला, पायरीला, जात्याला आणि उखळाला शोभतो. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ साली जळाला. लाकडी मजले गेले, दगडी जोते मात्र आजही उभे आहे. पण सामान्य माणसाने आपल्या घरभर असा घडीव दगड अंथरावा कसा? म्हणून बहुतेक घरांतली जमीन मातीचीच असे, चोपून सपाट केलेली आणि शेणाने सारवलेली.

मग फरशी आली कुठून? सोलापूर सोडून रायचूरकडे निघालात की बेसॉल्टची ही चादर कलबुर्गीच्या बाजूला संपत येते आणि खालून फार जुना चुनखडीचा दगड उघडा पडतो. हा दगड पाण्याखाली गाळ साचून, थराथराने तयार झालेला. त्यामुळे पहार नेमकी बसली की वहीचे पान उलटावे तसा त्याचा पदर सुटतो. निसर्गानेच फरशी करून ठेवली आहे म्हणा ना! तिथल्या शहाबाद गावाचे नाव या दगडाला मिळाले. हे गाव तेव्हा निजामाच्या राज्यात होते, आज ते कर्नाटकात आहे.

परंतु दगड जड, आणि बैलगाडीने तो किती दूर न्यायचा? हे कोडे लोहमार्गाने सोडवले. मुंबईहून निघालेला रूळ १८६० साली सोलापुरास पोहोचला आणि १८७१ साली रायचूरला मद्रासकडून आलेल्या मार्गाला जाऊन मिळाला. त्या एका मार्गावरची गावे पाहा. अलीकडे शहाबाद आणि पलीकडे, आंध्रात, कडप्पा! म्हणजे आपल्या घरातली राखी फरशी आणि काळा ओटा या दोघांची गावे एकाच रुळावरची. पुढे हळूहळू शहरांतल्या चाळी, वाडे आणि बंगले शहाबादी फरशीने मढले. विसाव्या शतकात स्टोव्ह आणि मग गॅस आला, चूल जमिनीवरून वर चढली, गृहिणी बसून रांधायची ती उभी राहिली, आणि तिच्यापुढे कडप्प्याचा ओटा आला.

इथेच घोटाळा झाला. आमच्या घरी नवा ओटा झाला तेव्हा आईने पहिल्याच सणाला पितळेची भांडी त्यावर ठेवून चिंचेने घासली. भांडी लखलखली, पण ओट्यावर पांढुरके डाग उमटले. तिला वाटले, गवंड्याने फसवले. गवंडी म्हणाला, बाई, दगडच असा. खरे पाहता दोष कोणाचाच नव्हता. आयुष्यभर पाट्यावर चिंच-कैरीची चटणी वाटली, पाट्याला काही झाले नाही. मग ओट्यालाच काय झाले?

झाले ते असे. शहाबादी काय, कडप्पा काय, आणि संगमरवर काय, हे सारे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे. आंबटाशी त्यांचे हाडवैर. चिंच, लिंबू, कोकम, ताक सांडून राहिले की वरची झिलई खाल्ली जाते. तो डाग वरून बसलेला नसतो. तिथला दगडच झिजलेला असतो, म्हणून कितीही घासा, जात नाही. पाट्याच्या बेसॉल्टमध्ये हा प्रकार नाही, आणि ग्रॅनाइटमध्येही नाही.

हे एकदा समजले की निगा सोपी आहे. आंबट सांडले तर लगेच पुसा. रोज साधे पाणी, फार तर सौम्य साबण पुरे. न्हाणीघर स्वच्छ करायचे ॲसिड या फरशांवर कधीही ओतू नका, गवंडी आग्रह करील तरीही. तेल मुरले असेल तर खडूची पूड ओली करून त्यावर थापा, वाळू द्या आणि झाडून टाका. एकदा ना गेले तर पुन्हा करा. झिलई गेलीच असेल तर कारागिराकडून पुन्हा पॉलिश करून घ्या.

आणि नवा दगड घेताना? लादी बोटांनी वाजवून पाहा, खणखणीत बोलली तर ठीक, बद्द बोलली तर आत चीर असू शकते. पाणी शिंपडा. सगळी लादी वाळली आणि एक रेघ तेवढी ओली राहिली, तर ती भेग समजा. शेवटी दुकानदाराकडून एक तुकडा मागून घ्या, घरी त्यावर लिंबाचा थेंब रात्रभर ठेवा. सकाळी दगड आपली जात स्वतःच सांगेल. ओट्यावर लिंबू-चिंचेचा राबता फार असेल तर ग्रॅनाइट बरा. न्हाणीघरात गुळगुळीत लादी नको, पाय घसरतो.

हल्ली घर नवे करायचे म्हणजे जुनी शहाबादी आधी उखडायची, अशी रीतच पडली आहे. उखडण्यापूर्वी एकदा ती स्वच्छ धुऊन, घासून पॉलिश करून पाहा. ज्या फरशीवर तुमच्या घरातली दोन-तीन पिढ्यांची मुले रांगली, ती अजून तितकीच वर्षे टिकेल. आणि पाटा? त्याला टाकी लावून घ्या, चिंचेची चटणी वाटा. त्याला कशाचीच भीती नाही.