शिकागो ते मुंबई, व्हाया नागपाडा

"मुलांना मानसोपचारतज्ज्ञाकडे नेणं हे हल्लीचं फॅड आहे", असं परवा ऑफिसच्या कँटीनमध्ये एकजण म्हणाला. शनिवारी जरा वाचायला बसलो, तर फॅड चांगलं ८५ वर्षांहून जुनं निघालं. तेही मुंबईतलं!

मूळ मात्र शिकागोचं. तिथे १८९९ मध्ये बाल न्यायालय सुरू झालं. पण तीच तीच पोरं परत समोर यायला लागली. शेवटी १९०९ मध्ये विल्यम हीली या डॉक्टरला नेमलं, ही पोरं अशी का वागतात ते शोधायला. हीलीने मुलांना स्वतःची गोष्ट सांगू दिली, चाचण्या घेतल्या, घरची चौकशी केली. १९१५ च्या पुस्तकात त्याने लिहिलं की याला कुठलंही एकच कारण नसतं. (रात्री दोनला प्रॉडक्शनचा बग शोधणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.) पुढे या क्लिनिकांमध्ये एक त्रिकूट ठरून गेलं: मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि घरी-शाळेत जाऊन बोलणारा समाजसेवक.

याच शिकागोत शिकलेले क्लिफर्ड मॅन्शार्ट १९२५ मध्ये मराठी मिशनतर्फे मुंबईत आले. नागपाड्याच्या वस्तीत त्यांनी नेबरहूड हाऊस काढलं. १९३६ मध्ये सर दोराबजी टाटांच्या नावाने समाजकार्याचं महाविद्यालय निघालं, म्हणजे आजची टिस, तिचे पहिले संचालकही तेच. आणि १९३७ मध्ये तिथे मुलांसाठी चाइल्ड गायडन्स क्लिनिक सुरू झालं. देशातलं पहिलं.

आपल्या भाषेत, पायलट झकास झाला, रोलआउट राहिला. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला १९८२ मध्ये, जिल्हा पातळीवरचा १९९६ मध्ये, तोही सुरुवातीला अख्ख्या देशात ४ जिल्ह्यांत. मधे ५९ वर्षं गेली! २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांना मानसिक त्रास आढळला. सर्वेक्षण १२ राज्यांत झालं, महाराष्ट्र त्यात नव्हताच. असो.

माझ्या मावसभावाची मुलगी चौदा वर्षांची. शाळेचं नाव काढलं की पोटात दुखायचं. तालुक्याला वर्षभर जंताच्या आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या झाल्या. मग कुणीतरी पुण्याचे डॉक्टर सुचवले, एसटीने पाच तास. डॉक्टर खरंच चांगले आहेत, पोरगी त्यांच्याशी बोलते. पण शाळेत जाऊन बाईंशी बोलणारं, घरी येऊन आजीची समजूत काढणारं कुणीच नाही. त्रिकुटातला नेमका तिसरा माणूस गायब. २०२२ पासून टेली-मानसचा १४४१६ हा फुकट नंबर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. तो मी भावाला दिलाय. त्याने दोनदा फोन लावलाही, बोलून बरं वाटलं म्हणाला. पण फोनवरचा माणूस आजीपर्यंत कसा पोचणार?

पुढची तारीख तीन आठवड्यांनी आहे. भावाची रजा संपली, यावेळी वहिनी घेऊन जाणार आहेत.