अंगठा, सही आणि पुन्हा अंगठा



गेल्या काही बैठकांत जवळजवळ प्रत्येक गटातून एकच तक्रार आली. "ताई, मशीन अंगठा घेत नाही." बँक सखीचं मशीन असो की रेशन दुकानातलं, बोट पदराला पुसायचं, ठेवायचं, पुन्हा पुसायचं, पुन्हा ठेवायचं. मागे रांग उभी. म्हणून आज कर्ज आणि हप्ते बाजूला ठेवून आम्ही या अंगठ्याचाच इतिहास सांगणार आहोत. मशीन नवं आहे, पण अंगठा मागायची रीत जुनी आहे. तो कोण मागतं आणि बदल्यात आपल्या हातात काय देतं, हे मात्र दर काळात बदलत आलंय.

खूप पूर्वी आपल्याकडे अंगठा नव्हताच. जुन्या मराठी कागदपत्रांत, ज्याला लिहिता येत नसे त्याच्या नावापुढे निशाणी काढत. कुणब्याची निशाणी नांगर, बाईची निशाणी बांगडी. दिसायला छान, पण नांगर पाहून हा शेतकरी आहे एवढंच कळे. हाच तो शेतकरी, हे त्यातून सिद्ध होत नसे. बांगडीचंही तेच. शिवाय नांगर काय, बांगडी काय, कुणाच्याही हाताला काढता येते.

हाताचा ठसा आला तो बंगालमध्ये. १८५८ साली जंगीपूर इथे विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याच्या सामानाचा ठेका राज्यधर कोनाई यांना दिला. करार झाला, आणि लेखी सहीऐवजी हर्शेलने त्यांच्या तळहाताला शाई लावून करारामागे पंजा उमटवून घेतला. पुढे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की हेतू धाक बसवण्याचा होता. ठेकेदाराने उद्या "ही सही माझी नाही" म्हणू नये, एवढंच. नंतर १८७७ मध्ये हुगळीला असताना त्याने बोटांचे ठसे पेन्शनसाठी, दस्तनोंदणीसाठी आणि तुरुंगातल्या कैद्यांसाठी घ्यायला सुरुवात केली. पेन्शनीचं कारण आजही आपल्याला ओळखीचं वाटेल. माणूस वारला तरी त्याच्या नावाने दुसराच कुणी पैसे उचलत राही. म्हणजे आपल्या आजी-आजोबांना नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बोट ठेवावं लागतं, त्याची मुळं तिथे आहेत.

पुढे १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं खास कार्यालय सुरू झालं. हजारो ठशांतून नेमका एक शोधायचा तर वर्गवारी हवी. ती बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदुस्थानी कर्मचाऱ्यांचा मोठा वाटा होता. पद्धतीला नाव मात्र लागलं साहेबाचं, एडवर्ड हेन्रीचं. घरात राबणाऱ्या बायांना यात नवल वाटायचं कारण नाही.

आता आपल्याकडे या. १२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे गाव. कर्जाने पिचलेले शेतकरी सावकारांच्या दारात जमले आणि त्यांनी मागितलं काय? वह्या आणि कर्जरोखे मागितले, आणि त्यांची होळी केली. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. ज्या सावकाराने रोखे मुकाट दिले, त्याला बहुतेक ठिकाणी कुणी हात लावला नाही. आम्हाला यात फार मोठी समज दिसते. ज्या कागदावर आपली निशाणी आहे पण जो आपल्याला वाचता येत नाही, तोच आपल्याला बांधतो, हे त्या माणसांना नेमकं कळलं होतं.

सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा केला. त्यातलं कोर्टाचं आम्ही सोडून देतो. आपल्या कामाची कलमं वेगळी आहेत. रोखा गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हावा. कुळाने पैसे भरले तर त्याला लेखी पावती मिळावी, मागितल्यास वर्षाचा हिशेब मिळावा, पासबुकात नोंद करून मिळावी. दीडशे वर्षांपूर्वीचा कायदा हा! कागदावर तरी पावतीचा हक्क तेव्हापासून आहे.

विसाव्या शतकात अंगठा ही लाजेची गोष्ट झाली. 'अंगठाछाप', 'अंगठेबहाद्दर' हे शब्द शिवीसारखे वापरले जाऊ लागले. १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन आलं, रात्रीचे वर्ग निघाले. त्याच सुमारास आपले गटही उभे राहत होते. १९९२ मध्ये नाबार्डने ५०० गट बँकेला जोडण्याचा प्रयोग हाती घेतला आणि १९९३ मध्ये रिझर्व्ह बँकेने गटाच्या नावाने खातं उघडायला वाट करून दिली. खातं गटाचं, सह्या अध्यक्ष-सचिवांच्या. त्यामुळे कितीतरी गटांत पहिला धडा बचतीचा नव्हता, सहीचा होता. पाटीवर, चुलीपुढच्या राखेत, मुलाच्या जुन्या वहीत बायांनी आपलं नाव गिरवलं. आमच्या भागातल्या जुन्या सदस्यांना अजून आठवतं की पहिल्यांदा सही केली तेव्हा 'र' उलटा पडला होता आणि साहेबाने पुन्हा करायला लावली होती.

याच काळातली म्हसवडची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सातारा जिल्ह्यातल्या माण या दुष्काळी तालुक्यात बायांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक बायांचे अंगठे होते. चेतना सिन्हा यांनी हा प्रसंग जाहीर भाषणांत अनेकदा सांगितलाय. बाया खचल्या नाहीत. वाचायला-लिहायला शिकल्या आणि पुन्हा साहेबांपुढे उभ्या राहिल्या. म्हणाल्या, आम्हाला शिक्षण कमी आहे पण व्याजाचा हिशेब येतो, तुमच्या माणसांना यंत्राशिवाय करायला सांगा, बघू कोण आधी सांगतं. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

आणि मग चाक उलटं फिरलं. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं ते आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, एका आदिवासी बहुल गावातल्या बाईला. दहा बोटं, दोन डोळे, एक फोटो. त्याआधी २००६ मध्येच रिझर्व्ह बँकेने बँकांना गावात प्रतिनिधी नेमायची परवानगी दिली होती. या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि बँक मित्र, बँक सखी तयार झाल्या. ज्या बाईने पन्नाशीत सही शिकली तिला मशीन म्हणालं, सही राहू दे, अंगठा ठेव.

यात वाईटच झालं असं आम्ही म्हणणार नाही. आधी बँक म्हणजे तालुक्याचं गाव. एस.टी.चं भाडं, दिवसाची मजुरी बुडालेली, रांग, आणि वर "सही जुळत नाही, उद्या या." खिडकीमागचा कारकून जुन्या कार्डावरची सही आणि समोरची सही पुन्हा पुन्हा ताडून बघायचा. ते काम आता मशीन करतं. बँकेची खिडकी एखाद्या बाईच्या ओट्यावर आली. ती ओट्यावर बसते, व्यवहारामागे कमिशन कमावते, आणि दहावी-बारावी झालेल्या आपल्याच सुनेला गावात नोकरीसारखं काम मिळतं. आणखी एक फरक आम्ही डोळ्यांनी पाहिलाय. पूर्वी मुलगा स्लिपवर आईचा अंगठा घेऊन जायचा आणि किती काढले ते आईला कळायचंही नाही. आता मशीनसमोर बाईला स्वतः यावं लागतं. गटाच्या खात्यालाही बऱ्याच ठिकाणी दोघींची बोटं लागतात, एकटीला पैसे काढता येत नाहीत.

पण दुसरी बाजूही आहे. ठसा म्हणजे बोटावरच्या बारीक रेषा. त्या भांडी घासून, सिमेंटची घमेली उचलून, ऊस तोडून, चिंचा फोडून झिजतात. मशीन बनवणाऱ्याने कोणाची बोटं डोळ्यांसमोर ठेवली होती कोण जाणे. आमच्या बायांची नक्कीच नव्हती. जी जास्त राबते तिचाच अंगठा मशीन नाकारतं. अशा वेळी घाबरू नका, दुसरं बोट ठेवून बघा, दहाही बोटांची नोंद असते. तेही चाललं नाही तर आधार केंद्रात जाऊन ठसे नव्याने देता येतात.

याहून मोठी अडचण पडद्याची आहे. सहीच्या स्लिपवर आकडा आपल्यासमोर लिहिलेला असायचा. मशीनवर आकडा समोरचा माणूस टाकतो, पडदा त्याच्याकडे, बोट आपलं. "आला नाही, पुन्हा ठेवा," असं सांगून दोनदा बोट घेतलं आणि दोनदा पैसे गेले, अशा तक्रारी आमच्याकडे आल्यात. कधी खरोखर नेटवर्क गेलेलं असतं, कधी नसतं. खात्यातून रक्कम गेली आणि हातात आली नाही तर ती व्यवहारानंतर ५ दिवसांत आपोआप परत यायला हवी, नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये बँकेने द्यावेत, असं रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये ठरवून दिलंय. हे सांगायला कोणी घरी येत नाही, म्हणून आम्ही रेडिओवर सांगतोय.

आणि ठसा चोरीलाही जातो. २०१८ मध्ये तेलंगणात जमिनीच्या नोंदणीच्या कागदांवरून लोकांचे ठसे उचलून त्यांचे रबरी शिक्के केल्याचं आणि त्यांवर मोबाइलची सिमकार्डं सुरू केल्याचं उघडकीस आलं. हर्शेलने दस्तावर ठसा घेतला तो फसवणूक थांबवायला, आणि शंभरहून अधिक वर्षांनी फसवणुकीला कच्चा माल तिथूनच मिळाला. सही बदलता येते, पासवर्ड बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. म्हणून आधारचे ठसे मोबाइलवरून कुलूपबंद करायची सोय आहे. लागतील तेव्हा उघडायचे, काम झालं की पुन्हा बंद. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांनी गटातल्या एखाद्या मुलीची मदत घ्यावी, दुकानदाराची नको.

आमच्या काही गटांनी यंदापासून एक साधी गोष्ट सुरू केलीय. बोट ठेवण्याआधी पडदा आपल्याकडे फिरवायला सांगायचा आणि आकडा मोठ्याने वाचायचा. वाचता येत नसेल तर शेजारणीला वाचायला लावायचा. पैसे मोजून झाले की पावती मागायची. गटाच्या वहीत त्यासाठी नवा रकाना आखलाय, 'पावती मिळाली', आणि तिथे बाई सही करते. मशीनच्या पावतीवरची अक्षरं काही महिन्यांत उडून कागद कोरा होतो, म्हणून तारीख, रक्कम आणि शिल्लक त्याच दिवशी पेनाने वहीत उतरवून ठेवायची.