‘आपला माणूस’ आणि एका आईचं पत्र

जेवणं उरकली असतील. भांडी राहिली असतील तर घासता घासता ऐका. आज लांबच्या देशातली, पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट सांगणार आहे. ती मला का आठवली, ते आधी सांगते.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावात समोरच्या पॅनलची सत्ता होती. रस्त्याच्या मुरुमाचं बिल निघालं, पण रस्त्यावर मुरूम काही पडला नाही. आमच्या गटातल्या बायका ग्रामसभेत उभ्या राहिल्या आणि त्यांनी सरपंचांना घाम फोडला. पुढे निवडणूक झाली, आमचं पॅनल आलं. यंदा गटाराचं काम निघालं. बिल पूर्ण लांबीचं आणि गटार निम्म्या आळीपर्यंत. गटाच्या बैठकीत मी विषय काढला, तर सगळ्या गप्प. एक काकू म्हणाल्या, “जाऊ द्या ताई, आपला माणूस आहे. ते समोरचे काय धुतल्या तांदळासारखे होते?” मग मीही वही मिटली. माझे दीरच त्या पॅनलमधून निवडून आलेत. समोरच्यानं खाल्लं तर चोरी आणि आपल्यानं खाल्लं तर अडचण, असं आमचं झालं.

बी.ए.ला मला इतिहास होता. त्यात अमेरिकेचं वॉटरगेट प्रकरण दोन पानांत उरकलेलं. परीक्षेपुरतं पाठ केलं आणि विसरले. गटाराच्या बैठकीनंतर ते पुन्हा वाचलं, या वेळी मतदारांकडे बघत वाचलं.

अमेरिकेत मोठे पक्ष दोनच, रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक. आपल्याकडच्या रिपब्लिकन पक्षाशी त्याचा काही संबंध नाही, नाव तेवढं सारखं. तिथंही बऱ्याच घरांत पक्ष आजोबांपासून चालत आलेला असतो, आपल्याकडे असतो तसाच. १९७२ साली रिपब्लिकन पक्षाचे रिचर्ड निक्सन अध्यक्ष होते आणि नोव्हेंबरात पुन्हा निवडणूक होती. १७ जूनच्या पहाटे राजधानी वॉशिंग्टनमध्ये वॉटरगेट नावाच्या इमारतीत पाच जण पकडले गेले. तिथल्या राखणदाराला दाराच्या कुलपावर चिकटपट्टी लावलेली दिसली, म्हणून त्यानं पोलिसांना फोन केला. ते डेमोक्रॅटिक पक्षाचं कार्यालय होतं. चोरांजवळ कॅमेरे होते, चोरून बोलणं ऐकायची यंत्रं होती. आणि त्यातला एक जण निक्सन यांच्याच निवडणूक समितीत सुरक्षेचं काम बघणारा निघाला.

निवडणुकीच्या आधीच वर्तमानपत्रांतून हे सगळं येत होतं. तरी नोव्हेंबरात काय झालं? पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यं निक्सन यांनी जिंकली. पुढच्या जानेवारीत लोकांचं मत विचारलं, तर शंभरातल्या सुमारे ६७ जणांना त्यांचा कारभार पसंत होता.

हे लोक अडाणी नव्हते, मैत्रिणींनो. निक्सन यांनी मोठी कामं केलेली होती. कित्येक वर्षं बोलणंच बंद असलेल्या चीनला ते स्वतः जाऊन आले होते. व्हिएतनामच्या लढाईतून अमेरिकेची पोरं घरी परतत होती. ज्या आईचा मुलगा जिवंत परत आला, तिला कुठल्या तरी कचेरीत चोर शिरले त्याचं काय? आपणही म्हणतोच की, खातो पण काम करतो. दुसरं म्हणजे, आरोप करणारे कोण, तर समोरच्या पक्षाचे आणि वर्तमानपत्रवाले. निक्सनच्या माणसांना वाटायचं, हे आमच्या माणसावर आधीपासूनच जळतात. आरोप खरा की खोटा याआधी आरोप कुणी केला हे बघायचं, ही सवय आपल्यालाही आहे. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात पक्की: आपला गेला तर समोरचा येईल, ही धास्ती.

१९७३च्या मे महिन्यात संसदेच्या समितीपुढे चौकशी सुरू झाली आणि ती टीव्हीवर घराघरांत दिसली. जुलैत कळलं, की अध्यक्ष आपल्या कचेरीतलं बोलणं यंत्रावर टिपून ठेवतात. मग त्या टेपांवरून वर्षभर ओढाताण. निक्सन देईनात. टेपा मागणाऱ्या सरकारी वकिलाला त्यांनी काढून टाकायला लावलं. शेवटी २४ जुलै १९७४ला सर्वोच्च न्यायालयानं टेपा द्या म्हणून सांगितलं. आठही न्यायाधीशांचं एकमत झालं. त्यातले तीन निक्सन यांनीच नेमलेले होते. ज्यानं खुर्ची दिली त्याच्या विरुद्ध निकाल! आपल्या गावात हे किती जणांना जमेल, मनात मोजून बघा.

त्याच आठवड्यात संसदेच्या न्यायविषयक समितीत महाभियोगावर मतदान होतं. महाभियोग म्हणजे अध्यक्षाला पदावरून काढण्यासाठी संसदेनं चालवायचा खटला. समितीत अडतीस जण होते, त्यात बाया फक्त दोन, एलिझाबेथ होल्ट्झमन आणि टेक्सासच्या बार्बरा जॉर्डन. पण या दोघी निक्सनच्या विरोधी पक्षाच्या होत्या, त्यांचं मत सगळ्यांनाच ठाऊक होतं. खरी कसोटी होती ती निक्सनच्याच पक्षाच्या सतरा जणांची.

त्यातले एक होते कॅल्डवेल बटलर, व्हर्जिनिया राज्यातले, नुकतेच निवडून आलेले. त्यांना त्यांच्या आईनं पत्र लिहिलं. तिचं म्हणणं असं, की पक्षाबरोबर राहा, नाहीतर तुझं पुढचं सगळं वाया जाईल. मुलानं उत्तर धाडलं, की तुझं बहुधा बरोबर आहे, पण पक्षाशी निष्ठा आहे म्हणून माझ्यावरची दुसरी जबाबदारी सुटत नाही. हे पत्र वाचून मी बराच वेळ बसून राहिले. आईला वाईट म्हणवत नाही. लेकराचं भलं चिंतणारी बाई ती, आपल्यातलीच. आणि मुलानं तिला खोटं पाडलं नाही. धोका आहे हे कबूल केलं आणि तरी २७ जुलैला महाभियोगाच्या बाजूनं मत दिलं. सतरापैकी सहा जणांनी तसं केलं, अकरा निक्सनच्या मागे राहिले.

५ ऑगस्टला एक टेप बाहेर आली. चोरीनंतर सहाच दिवसांनी झालेलं बोलणं तीत होतं. तपास थांबवायला गुप्तहेर खात्याला पुढे करा, या बेताला निक्सन संमती देताना ऐकू येत होते. म्हणजे दोन वर्षं ते देशाशी खोटं बोलत होते. मग विरोधात मत दिलेलेही फिरले. ७ ऑगस्टला त्यांच्याच पक्षाचे जुने नेते जाऊन त्यांना सांगून आले, की संसदेत आता तुमच्या बाजूला माणसं उरली नाहीत. ९ ऑगस्टला निक्सन पायउतार झाले.

आणि मतदार? त्या शेवटच्या दिवसांतही लोकांचं मत घेतलं होतं. सगळ्या देशात शंभरातले २४ जण निक्सनवर खूश होते. पण त्यांच्या स्वतःच्या पक्षाच्या मतदारांत? सुमारे निम्मे! एवढं सगळं कळून, निम्मे. लँडग्रेब नावाचे त्यांच्या पक्षाचे एक खासदार तर आदल्या दिवशी म्हणाले होते, की पुरावे दाखवून मला गोंधळात टाकू नका, माझं मन ठरलेलं आहे. मला ते हसून सोडून देता आलं नाही. आमच्या बैठकीत आम्ही तेच बोललो होतो, फक्त शब्द वेगळे होते.

त्या नोव्हेंबरात लँडग्रेब पडले. निक्सनच्या बाजूनं मत देणारे न्यू जर्सीचे माराझिटी पडले, त्यांना हेलन मेनर नावाच्या बाईनं हरवलं. बटलर मात्र निवडून आले, आईची भीती खरी ठरली नाही. पण सरळ वागला तो जिंकला, असा हिशेब मांडू नका. महाभियोगाच्या बाजूनं मत दिलेले फ्रोलिकही त्याच वर्षी हरले.

आपल्या देशात असं झालंच नाही असं नाही. १९५१ साली मुंबईचे एक खासदार मुद्गल यांनी तिथल्या सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन संसदेत त्यांची बाजू लावली. हाती आले होते २,७०० रुपये. ते काँग्रेसचे, आणि चौकशीचा ठराव कुणी मांडला? काँग्रेसचेच पंतप्रधान नेहरू यांनी. चौकशी समितीत पाच जण होते, त्यात दुर्गाबाई होत्या, ज्या पुढे चिंतामणराव देशमुखांशी लग्न करून दुर्गाबाई देशमुख झाल्या. सप्टेंबरात काढून टाकायचा ठराव आला तेव्हा मुद्गल यांनी राजीनामा दिला, तरी हे काढून टाकण्याच्याच लायकीचे होते अशी नोंद सभागृहानं केली. रक्कम लहान आहे, असं कुणी म्हणू दिलं नाही.

तर गटाराचं सांगते. पुढच्या बैठकीत मी बटलरच्या आईच्या पत्राची गोष्ट सांगितली. त्याच काकू म्हणाल्या, “ताई, मुरुमाच्या वेळी आपण मोजमाप पुस्तक मागितलं होतं ना?” एवढंच. मग महिला सभेत आम्ही सात जणींनी गटाराचं मोजमाप पुस्तक मागणारा अर्ज दिला. गटात आम्ही बारा आहोत, पाच जणींनी सही केली नाही. त्यांच्यावर रागवायचं नाही असं ठरलंय, कर्जाचा हप्ता सगळ्यांचा एकच आहे. घरी सासूबाई म्हणाल्या, “अगं, घरातल्या माणसावरच अर्ज करतेस?” मी म्हटलं, “आई, अर्ज गटारावर आहे.” त्या काही बोलल्या नाहीत. दीर दोन दिवस आमच्याकडे जेवायला आले नाहीत, तिसऱ्या दिवशी आले. मोजमाप पुस्तक अजून यायचं आहे.