लडाखमधील हिमबिबट्याचा अभ्यास : ओसीआय कार्डधारकांसाठी नियम

भारतातील हिमबिबट्यांच्या पहिल्या राष्ट्रीय अंदाजानुसार (जानेवारी २०२४) त्यांची संख्या ७१८ असून त्यांपैकी ४७७ लडाखमध्ये आहेत. साहजिकच संवर्धनकार्यासाठी अनेकांचा ओढा तिकडे असतो. हॅरोमध्ये स्थायिक होऊन ब्रिटिश नागरिकत्व घेतलेल्या मराठी अभ्यासकास ओसीआय कार्डामुळे भारतात आजीवन प्रवेश मिळतो. संशोधनास मात्र ते कार्ड पुरत नाही.

४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार संशोधन, गिर्यारोहण व संरक्षित क्षेत्रातील प्रवेश यांसाठी विशेष परवानगी आवश्यक आहे. ती भारतीय उच्चायुक्तालयाकडे अथवा भारतातील विदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे मागावी लागते. हेमिस राष्ट्रीय उद्यानात अभ्यास करावयाचा असल्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार मुख्य वन्यजीव रक्षकांची अनुमतीही लागते.

ब्रिटनमध्ये सहज विकत मिणारा सॅटेलाइट फोन भारतात परवान्याविना बाळगणे हा गुन्हा असून त्यापायी परदेशी प्रवाशांना अटकही झाली आहे. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर असल्याने विमानाने पोहोचल्यावर निदान दोन दिवस विश्रांती घेऊनच पुढील चढाई करावी. धाप, तीव्र डोकेदुखी वा तोल जाणे जाणवल्यास त्वरित खाली उतरणे हाच खरा उपाय होय.